टीबी बरा झाला, तरी दम का लागतो?

ताईंनो, गोळ्यांचा कोर्स पुरा झाला, थुंकीत जंतू नाहीत. तरी रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत चालताना एखादीला धाप लागते. का? औषधानं जंतू मरतात, पण फुप्फुसावरचे व्रण कायम राहू शकतात. तिला आळशी म्हणू नका, तिची भांडी वेगळी ठेवू नका.

लक्षात ठेवा :
• नाकानं श्वास घ्या, ओठ आवळून हळूहळू सोडा.
• चुलीचा धूर, विडी टाळा.
• कोर्स संपल्यावर 2 वर्षं, दर 6 महिन्यांनी तपासणी करा. ऊसतोडीला जाताना कागद सोबत न्या.
• ताप, वजन घटणं, थुंकीत रक्त दिसलं तर लगेच आरोग्य केंद्र गाठा. मोफत माहिती : 1800-11-6666.

गटात तिला बसून करायचं काम द्या. हिशोबाची वही ती नक्की सांभाळेल!