थेंब घरंगळला म्हणजे कापड वॉटरप्रूफ झालं का?

मैत्रिणींनो, पावसाळा तोंडावर आला की दप्तरं, पिशव्या, मोबाइल पाऊच यांच्या ऑर्डरी येतात. दुकानदार कापडावर चार थेंब टाकून दाखवतो आणि म्हणतो, "ताई, वॉटरप्रूफ आहे." आपण तेच गिऱ्हाइकाला सांगतो. पण पहिल्याच मोठ्या पावसात पोरांच्या वह्या भिजल्या, तर नाव गटाचं खराब होतं.

थेंब का घरंगळतो?
अळूचं पान आठवा. त्यावर मेणासारखा पातळ थर आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात. म्हणून पाणी पसरत नाही, गोल थेंब होऊन ओघळतं. सुती धागा मात्र पाणी शोषून घेतो. कापडाच्या धाग्यांवर मेण किंवा सिलिकॉनसारखा लेप दिला, की त्यावरही थेंब उभा राहतो.

मग पाणी आत कसं जातं?
लेप धाग्यांवर असतो, दोन धाग्यांमधली बारीक भोकं उघडीच राहतात. रिमझिम पावसात असं कापड टिकतं. मुसळधार पावसात किंवा दाब पडला, की पाणी आत शिरतं. हे झालं 'वॉटर रिपेलंट' कापड. वॉटरप्रूफ कापडावर प्लास्टिकसारखा सलग थर असतो, त्यामुळे भोकंच बुजतात.

खरेदीआधी तपासा
१. कापडाला तोंड लावून जोरात फुंका. हवा आरपार गेली, तर ते वॉटरप्रूफ नाही.
२. वाटीवर तुकडा खोलगट बांधा, पाणी ओता आणि अर्धा तास ठेवा. खालची बाजू ओली झाली का, ते हाताने पाहा.

शिवताना
सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट. टाचण्यांऐवजी कपड्यांचे चिमटे लावा. सुती दोऱ्याऐवजी पॉलिस्टरचा दोरा वापरा, टाका थोडा मोठा ठेवा. पूर्ण वॉटरप्रूफ ऑर्डर असेल, तर शिवणीवर आतून सीम टेप चिकटवा आणि तिचा खर्च किमतीत धरा.

गिऱ्हाइकाला सांगा
मळ आणि कपड्यात राहिलेला साबण यांमुळे लेपाचा गुण कमी होतो. साबण कमी वापरावा, कापड भरपूर पाण्यात खळबळावं.

पुढच्या बैठकीत दोन-तीन कापडांचे तुकडे आणा आणि वाटीची चाचणी सगळ्यांसमोर करा. जे कापड रिपेलंट ठरेल, ते रिपेलंट म्हणूनच विका. खरं सांगून विकलेली पिशवी परत येत नाही, गिऱ्हाईक येतं.