एका पुंजातल्या अळ्या, तीन झाडांची पाने

सोयाबीनच्या बांधावर एरंड लावतात तो पाने खाणाऱ्या स्पोडोप्टेरा अळीच्या पतंगाने तिथे अंडी घालावीत म्हणून. अंडी असलेली पाने वेळेवर खुडली नाहीत तर हाच एरंड अळीचा पाळणा होतो. कोणत्या पानावर अळी किती जोमाने वाढते, हे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत पाहता येते.

ऑगस्ट-सप्टेंबरात एरंडाची पाने उलटून पाहा. पिवळसर तपकिरी लोकर चिकटवल्यासारखा ठिपका दिसला तर तो अंडीपुंज. ती लोकर म्हणजे मादीच्या पोटावरचे केस. पुंज एकच घ्या. दोन माद्यांची पिले मिसळली, तर फरक पानाचा की आईचा हे कळणार नाही. पुंजाभोवतीचे पान कापून टाका; पिलांनी आधीच एरंड चाखला तर तुलना बिघडते.

अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. त्याच दिवशी मऊ कुंचल्याने एरंड, सोयाबीन आणि कोबी अशा तीन डब्यांत तीस-तीस पिले सोडा. बोटाने उचलू नका, चिरडतात. पाने बिनफवारणीची हवीत. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: एका डब्यात कोवळा शेंडा, दुसऱ्यात जून पान. प्रत्येक झाडाचे मधल्या वयाचे पानच घ्या. देठाला ओला कापूस गुंडाळा, तळाशी टीपकागद घाला, तोंडाला मलमल बांधा. पान आणि कागद रोज बदला. विष्ठेचा ओलावा साचला की बुरशी आलीच.

सुरुवातीला पिले घोळक्याने हिरवा भाग खरवडतात आणि पान जाळीदार होते. दोनदा कात टाकल्यावर प्रत्येकीला वेगळी वाटी द्या. एखादी काळवंडून लिबलिबीत झाली तर तो बहुधा विषाणू. वाटीसकट बाहेर काढा आणि वहीत ती वेगळी नोंदवा.

पूर्ण वाढलेली अळी खाणे सोडून आसरा शोधू लागली की वाटीत दोन इंच ओलसर, चाळलेली माती घाला. कोष झाल्याची तारीख लिहा. दुसऱ्या दिवशी, कवच कडक झाल्यावर, सोनाराच्या काट्यासारख्या बारीक काट्यावर त्याचे वजन करा. मात्र नर आणि मादी वेगळे केल्याशिवाय सरासरी काढू नका, मादीचा कोष मुळातच जड असतो. भिंगातून शेपटाकडे पाहा. जननछिद्राची खाच आठव्या खंडावर असेल तर मादी, नवव्यावर असेल तर नर.

पानागणिक चार आकडे मांडा: किती जगल्या, कोषापर्यंत किती दिवस लागले, मादीच्या कोषाचे वजन, आणि पतंग मधपाण्यावर ठेवून जोडीमागे मिळालेली अंडी. शेवटचा आकडा टाळायचा मोह होतो, पण पुढच्या पिढीचा हिशेब त्यातच आहे.

उरलेल्या अळ्या, अंडी आणि पतंग साबणाच्या पाण्यात बुडवा. शेतात एकही सोडू नका.