शिळं दूध

‘तुला दूधच पुरेसं येत नाही, म्हणून पोर रात्रभर लुचत बसते.’ हे मला सासूबाईंनी ऐकवलं, नणंदेने फोनवरून ऐकवलं, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये ऐकवलं. नवरा काही बोलला नाही, फक्त उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेला. त्याला सकाळी ऑफिस होतं ना! मी काय, डोंबिवलीहून फोर्टला रोज हवापालटासाठी जात होते.

रजा संपली तेव्हा लेक साडेचार महिन्यांची होती. कायद्याने २६ आठवडे मिळतात, पण बाळंतपणाआधी घेतलेले आठवडे त्यातूनच वजा होतात. ‘सहा महिने रजा असते की तुम्हाला’ म्हणणाऱ्यांना हे समजावून मी थकले. दिवसा लेक म्हणे अगदी शहाण्यासारखी असायची. दोन-चार चमचे दूध घेते, खेळते, झोपते. मी दारात चपला काढल्या की मात्र जी छातीला चिकटायची, ती पहाटेपर्यंत दर तासा-दीड तासाने. लोकलमध्ये दांडीला धरून उभ्या उभ्या माझा डोळा लागायचा.

मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत नोकरदार आईला दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ द्यावा, असं कायदा सांगतो. बाळ पन्नासएक किलोमीटरवर असेल तर त्या वेळेचं काय करायचं? मी दूध काढायचे. रेकॉर्ड रूममध्ये, जुन्या फायलींच्या गठ्ठ्यांमध्ये, दाराला आतून खुर्ची लावून. बाहेर आमचे साहेब घड्याळ बघत. त्यांच्यावर लिहायचं तर वेगळा लेख होईल. बर्फाच्या डब्यातून ते दूध घरी आणायचं, वाटीवर तारीख-वेळ चिकटवून फ्रीजमध्ये ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी वाट्या रिकाम्या दिसल्या की समाधान मानायचं.

मग एका पावसाळी दिवशी गाड्या रखडणार असं दिसल्यावर मी दुपारीच निघाले. घरी पोचले तर स्वयंपाकघरात गॅसवर छोटं पातेलं, त्यात माझं दूध, आणि सासूबाई त्यात वाकून बघताहेत. ‘बघ, कुठे साय धरतेय? नुसतं निळसर पाणी!’ एवढं बोलून त्यांनी ते माझ्यादेखत सिंकमध्ये ओतलं. सिंकमध्ये आणखी दोन वाट्या पालथ्या होत्या. माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या अजून ओल्या. ‘कालचं शिळं दूध का पाजायचं लेकराला?’

मग दिवसभर ती पिते काय? साखरपाणी. अधूनमधून ग्राइप वॉटर. ‘पोट भरतं, झोपते बिचारी.’

राग नंतर आला. आधी हिशेब जुळला. पोर दिवसभर उपाशी राहायची आणि दिवसाची भूक रात्री भागवायची. रात्रीत एवढं दूध देणारी आई ‘कमी दूध’वाली कशी, हा प्रश्न त्या घरात एकालाही पडला नव्हता. फॉर्म्युल्याचा डबा मात्र आणून ठेवला होता.

सासूबाईंनी काही मान्य केलं असेल असं वाटत असेल, तर तुम्हाला सासू नाही. ‘आम्ही चार पोरं वाढवली,’ एवढंच. हेच सगळं बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं तेव्हा मात्र मान डोलावून घरी आल्या. डॉक्टर बोलले की वेदवाक्य, सून बोलली की मोबाइलवर वाचलेलं.

तर कामाचं ऐका.

रात्रीचं पाजणं तोडण्याआधी दिवस तपासा. बाळाला सांभाळणाऱ्या व्यक्तीवर विश्वास ठेवा, पण लंगोट स्वतः मोजा. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू हवी आणि वजन वाढत असायला हवं. वजन अडलं असेल तर रात्रीच्या पाजण्याला हात लावू नका, आधी डॉक्टरांकडे जा. पहिल्या सहा आठवड्यांत तर हा विषयच काढू नका, तेवढ्या लहान बाळाला दिवस-रात्र कळत नाही. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणीही नको, भर उन्हाळ्यातसुद्धा. पाण्याने पोट भरतं, अंगी काही लागत नाही.

काढलेलं दूध साधारण २५ अंशांपर्यंत चार तास बाहेर टिकतं, फ्रीजमध्ये चार दिवस. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चार तासांवर भरवसा ठेवू नका. फ्रीजच्या दारात नाही, आतल्या बाजूला ठेवायचं. ठेवल्यावर स्निग्धांश वर येतो आणि खालचं पातळ, निळसर दिसतं. ते असंच असतं. गॅसवर उकळायचं नाही, मायक्रोवेव्ह नाही. वाटी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायची आणि हलकेच हलवायची. फ्रीजमधून एका वेळी थोडंच बाहेर काढा, म्हणजे उष्टं उरलेलं फेकताना जीव तुटणार नाही. हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवा आणि शेवटी ‘डॉक्टरांनी सांगितलं आहे’ असं लिहा. खरं सांगते, त्या ओळीचाच उपयोग झाला.

बाटली घेत नसेल तर वाटी-चमचा आहे, आपलं बोंडलं आहे. बाळाला उभं धरून, सावकाश. आई घरात असेल तर बरीच बाळं दुसऱ्याकडून पीत नाहीत, तेव्हा सवय लावताना तुम्ही खाली भाजी आणायला जा.

लेकीच्या त्या वयात पिताना बाळाचं लक्षही उडतं. शिट्टी झाली, मान वळली. मालिका लागली, मान वळली. सुट्टीच्या दिवशी मी लेकीला आतल्या खोलीत, पडदे ओढून पाजायचे. ‘एवढं काय लपायचं’ हेही ऐकलं. ऐका आणि दार लावा.

कामाच्या दिवशी निघण्यापूर्वी एकदा पोटभर. आल्याबरोबर हातपाय धुऊन लगेच, पोळ्या नंतर. पोळ्या करणारे हात घरात आणखी असतात. मग झोपेपर्यंत आणखी एक-दोनदा, आणि तुम्ही आडव्या होण्याआधी अकराच्या सुमारास बाळाला अर्धवट झोपेतच उचलून एकदा. माझी पहिली सलग झोप या अकराच्या पाजण्यानेच आली.

मध्यरात्री दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, शी नसेल तर लंगोट बदलायची घाई नाही. पहिल्या रडण्याला बाबाने उठायचं, थोपटायचं. आमच्या घरात यासाठी हॉलमधली उशी परत आणावी लागली आणि ती मी स्वतः आणली.

एकदम मात्र काही तोडू नका. रात्री दूध जास्त तयार होतं, ते साचलं की गाठ धरते, दुखते, तापही येतो. एक वेळ निवडा, पाजण्याची मिनिटं कमी करत न्या, तिथे निभावलं की दुसरी. जड वाटलं तर हाताने थोडं काढून टाका. गाठीबरोबर ताप आला तर अंगावर काढू नका. आणि पाणी प्या, नीट जेवा, विश्रांती घ्या. विश्रांती घ्या हे मीही सांगतेच, सगळेच सांगतात. भांडी कोण घासणार ते कोणी सांगत नाही.

सहा महिने झाले की नाचणीचं सत्त्व, मऊ भात, घोटलेलं घट्ट वरण सुरू करा. डाळीच्या वरवरच्या पाण्यात विशेष काही नसतं. हे जेवण दिवसाच द्या, पण त्यासाठी पाजणं सोडू नका.

आता लेक रात्री एकदाच उठते. दात येताना, सर्दी झाली की गाडी पुन्हा मूळ पदावर येते, चार-पाच रात्री जातात, मग बसते. नेमक्या तेव्हाच तिसऱ्या मजल्यावरच्या काकू लिफ्टपाशी भेटतात. परवा विचारत होत्या, ‘अजून पाजतेस?’ म्हटलं, हो, दोन वर्षांपर्यंत पाजणार आहे. लिफ्ट यायच्या आधी जिन्याने उतरून गेल्या.