आगोटीचा हिशोब

पोरी, डोंगरावरच्या घराने सामानाचा भाव गाडीभाडं धरूनच काढायचा. समज, तूरडाळ गावातल्या दुकानापेक्षा पोलादपूरला किलोमागे १० रुपयांनी स्वस्त आहे आणि जायला-यायला ८० रुपये लागतात. आठ किलो घेतलीस तर नुसती बरोबरी झाली, नवव्या किलोपासून पुढे बचत. दोन किलोसाठी उतरलीस तर ६० रुपये पदरचे गेले आणि वर अख्खा दिवस मोडला. म्हणून यादी महिन्याची एकच करायची, आणि त्याच फेरीत बँक, दवाखाना, तहसील कचेरी उरकायची. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बाईमाणसाला निम्मं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर त्याच्या आधीपासून फुकट आहे. तेव्हा एसटीच्या वेळेला बाजार आपण बायकांनी करावा. मोटारसायकल काढलीच, तर पेट्रोलचे पैसे सामानाच्या यादीतच लिहायचे, वेगळे धरायचे नाहीत.

पण खरी बचत महिन्याच्या बाजारात नाही, आगोटीत, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवायच्या सामानात आहे. आपलं कुडपण गाव म्हणजे एका अंगाला सातारा जिल्हा, दुसऱ्या अंगाला रत्नागिरी, आणि आपण मधे डोंगराच्या खांद्यावर. इथला पाऊस तू अजून पुरता पाहिलेला नाहीस. २०२१ च्या जुलैत महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तळियेवर दरड कोसळली, आपल्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर कोसळली. माणसं गेली. अशा दिवसांत रस्ते तुटतात, आणि खालची दुकानं उघडी असली तरी त्यांच्या गोदामात चिखल असतो. त्या वेळी घरात तांदूळ, डाळ, मीठ, तेल, काडेपेटी असणं ही पैशापलीकडची गोष्ट आहे. म्हणून आगोट भरायची ती नीट विचार करून भरायची.

प्रत्येक जिन्नस त्याच्या हंगामात घ्यायचा. नवी तूर पौष-माघात बाजारात येते, हरभरा शिमग्याच्या सुमाराला. डाळ त्यानंतर बघायची, दिवाळीआधी नाही. मिरची चैत्रात, कडक उन्हात वाळवून देठासकट ठेवायची. कांदा उन्हाळीच घ्यायचा, एप्रिल-मेमधला. पावसाळी लाल कांदा टिकत नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी साठवायला घेऊ नये. लसणाच्या जुड्या बांधून टांगायच्या. सुकट, जवळा, बोंबील मे महिना संपायच्या आत घरात यायला हवेत, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि त्या काळात सुक्याला मागणी वाढते. घेताना मूठभर सुकट दाबून बघायची. हाताला ओल लागली तर ती मिठाच्या आणि पाण्याच्या वजनाची आहे, तिचे पैसे देऊ नकोस. घरी आणल्यावर पुन्हा दोन उन्हं द्यायचीच.

आता काय भरायचं नाही ते ऐक, कारण पैसे इथेच जास्त वाया जातात. रवा, मैदा, बेसन, शेंगदाणे, दळलेला मसाला ढिगाने आणू नकोस. आपल्याकडच्या ओल्या हवेत पिठाला जाळी धरते, शेंगदाणा खवट होतो. हरभऱ्याची डाळ ठेव आणि लागेल तसं बेसन दळून आण. धणे-जिरे अख्खे ठेव. मसाला केलाच, तर बरणीत हिंगाचे खडे घाल आणि कोरडा चमचाच बुडव. डाळीला एरंडेलाचा हात लावून उन्हात ठेवून मग डबा बंद कर. वालाला राख चोळ. नाचणी मात्र बिनधास्त भर, तिला कीड सहसा लागत नाही, वर्षामागून वर्ष राहते. भातही सगळं एकदम भरडून आणायचं नाही. कणगीत भात जसं टिकतं तसा तांदूळ टिकत नाही. गिरणीवर दोन महिन्यांपुरतं न्यायचं, आणि परत येताना कणी आणि कोंडा मागून आणायचा. तो आपल्याच भाताचा आहे. कणीची पेज होते, घावन होतात, कोंडा गुरांना जातो.

मोठी खरेदी एकटीने करू नकोस. वाडीतली चार घरं मिळून डाळीची गोणी, साखरेची गोणी आणावी आणि ओसरीवर सगळ्यांसमोर तोलून वाटून घ्यावी. पैसे आधी गोळा करायचे. नंतर देते म्हणणारीचा वाटा बाजूला ठेवायचा नाही. शेजार त्यानेच तुटतो. मुंबईची आपली माणसं शिमग्याला येतात तेव्हा गाडीत जागा असते, त्यांना वाशीच्या बाजारातून आणायला सांग, आणि जाताना त्यांच्या गाडीत आपले तांदूळ-वाल घाल. तेलाचा डबा मागवताना एक विचार: १५ किलोचा की १५ लिटरचा? लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडं वर तेल असतं. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात आणि भावात फरक पन्नास रुपयांचा असेल तर बाई हलकाच उचलते. सव्वा किलोहून जास्त तेल तिथे कमी आलं.

पाकिटांवरही असंच लक्ष ठेव. पाच-दहा रुपयांच्या पुडीची किंमत वर्षानुवर्षं तीच राहते, आतला माल घटत जातो. १० रुपयांत ५० ग्रॅम म्हणजे किलोला २०० रुपये, हे तोंडी करायची सवय लाव. आता पाकिटावर किमतीजवळच ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापावा लागतो, तो बारीक अक्षरात असतो, तोच वाच. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर कोणी एक रुपया मागितला तर द्यायचा नाही. जुलै २०२२ मध्ये २५ किलोपर्यंतच्या छापील पाकिटातल्या धान्य-डाळींवर पाच टक्के जीएसटी बसला, सुट्या मालावर नाही बसला. म्हणून डाळ-तांदूळ सुटेच घे, पण निवडून घे. तोलताना काट्यावर आधी शून्य आहे का बघ, आणि आपलं भांडं दिलंस तर धडा करायला लाव. शरमायचं काही कारण नाही, चांगला दुकानदार स्वतःहून करतो.

रेशन सोडू नकोस. अंत्योदयाच्या कार्डाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आपल्या हक्काचं आहे, त्यात कमीपणा धरणाऱ्यांचं ऐकू नकोस. अंगठा दिल्यावर यंत्रातून पावती निघते. ती मागून घ्यायची आणि तिच्यावरचा आकडा आणि पिशवीतलं वजन तिथेच जुळवायचं. मुंबईला राहणाऱ्यांची नावं आपल्या कार्डावर असतील, तर त्यांच्या वाट्याचं धान्य त्यांना तिथल्या दुकानातूनही उचलता येतं. लोकांना हे सांगावं लागतं, म्हणून तू सांग.

काही गोष्टी विकत घ्यायच्याच नाहीत. पहिला पाऊस पडला की टाकळा उगवतो, मग कुर्डू, भारंगी. त्या दिवसांत भाजीवर पैसे घालवणं मला पटत नाही. मात्र ओळखीच्या बाईबरोबरच रानात जा आणि ओळखलेलीच भाजी खूड. आमसुलं मे महिन्यात घरीच घाल. पोरांना बिस्किटांच्या पुड्यांऐवजी नाचणीचं सत्त्व, नाचणीची भाकरी दे. तिच्यातलं कॅल्शियम तांदळापेक्षा कितीतरी पटीने जास्त, आणि ती आपल्या वरकस जमिनीत पिकते.

काटकसर कुठे करायची नाही, तेही सांगते. पोरांच्या ताटातली डाळ पातळ करायची नाही. मीठ आयोडीनचंच घ्यायचं. पोटुशीच्या आणि बाळंतिणीच्या खाण्यातून पैसे वाचवायचे नाहीत. माझ्या तरुणपणी घरातली बाई सगळ्यांत शेवटी जेवायची आणि उरलं तेवढ्यावर भागवायची. ती बचत मी कधीच बचत मानली नाही, तूही मानू नकोस.

गावातल्या दुकानाला पूर्ण टाळायचं नाही. भावात दोन रुपये जास्त असतील, पण रस्ता बंद झाला की तेवढंच एक दार उघडं असतं. चहाची पूड, काडेपेटी, अडीनडीचं तिथूनच आणत जा. उधारी झालीच तर वहीत आकडा आपल्या डोळ्यांसमोर लिहून घ्यायचा आणि भात विकल्यावर पहिल्यांदा ती फेडायची. उधारीवर फक्त खाण्याचं सामान घ्यायचं.

गौरी-गणपती आटोपले की सगळे डबे उघडून बघ. जे निम्म्याहून जास्त उरलं असेल ते वहीत लिहून ठेव, पुढल्या आगोटीला ते तेवढं कमी आण. जे श्रावणातच संपलं असेल त्याच्यापुढे फुली मार आणि मुंबईला फोन करताना तेच आधी सांग.