घरच्या घरी अंडी उबवणी : यंत्र, हवामान आणि नोंदवही

ग्रामीण कुटुंबाच्या व्यवहारात परसातील कोंबडीला फार जुने स्थान आहे. मीठमिरची, मुलांच्या वह्या, अडीअडचणीचा औषधपाण्याचा खर्च यांसाठी लागणारी रोकड अनेक घरांतून अंडी व कोंबडी विकूनच उभी राहते आणि हा व्यवहार बहुधा घरातील स्त्रीच्या हाती असतो. अलीकडे पन्नास ते शंभर अंड्यांची लहान उबवणी यंत्रे सहज मिळू लागल्यामुळे बचत गट, शाळा व होतकरू तरुण यांचे लक्ष या विषयाकडे वेधले गेले आहे. ही गोष्ट स्वागतार्ह होय. तथापि, पहिल्या दोन-तीन खेपा वाया गेल्यावर यंत्र माळ्यावर ठेवून दिल्याची उदाहरणेही आढळतात. अशा वेळी दोष यंत्राला दिला जातो. प्रस्तुत लेखकाचा अनुभव निराळा आहे. पुष्कळदा अंडी यंत्रात ठेवण्यापूर्वीच खेपेचे भवितव्य ठरलेले असते, आणि उरलेल्या वेळी ते खोलीच्या हवेने ठरते.

खुडूक कोंबडीचे काम

यंत्र विकत घेण्यापूर्वी खुडूक कोंबडीचे काम नीट पाहावे. ती एकवीस दिवस अंड्यांवर बसते, दिवसातून एखाद्या वेळी दाणापाण्यासाठी थोडा वेळ उठते व परत येते. तिच्या पोटाखालची पिसे झडून उघडी पडलेली त्वचा अंड्यांना टेकते व त्यांना ऊब देते. चोचीने व पायाने ती अंडी वारंवार फिरवते, कडेची मध्ये घेते, मधली कडेला सारते. ऊब, ओलावा, मोकळी हवा आणि अंडी फिरवणे ही चारही कामे ती न शिकता करते. यंत्राला यांपैकी उष्णतेचे काम बऱ्यापैकी जमते. बाकीची तीन माणसावर राहतात. प्राचीन काळी इजिप्तमधील कारागीर विटामातीच्या मोठ्या भट्ट्यांतून हजारो अंडी उबवीत असत. तापमापक नव्हता, अंडे डोळ्याच्या पापणीला लावून ते उष्णतेचा अंदाज घेत. लक्ष देणारा माणूस असेल तर साधन साधे असले तरी चालते, हे यावरून दिसते.

दहा-बारा पिल्ले एवढीच गरज असेल, तर यंत्राच्या फंदात न पडता खुडूक कोंबडी बसवणेच श्रेयस्कर. अनेक घरांची गरज एकाच वेळी भागवायची असेल तेथे यंत्राला अर्थ आहे.

अंडी कोठली घ्यावीत

शाळेतील प्रयोगासाठी मुले दुकानातून पांढरी अंडी आणतात व तीन आठवड्यांनी निराश होतात. व्यापारी पद्धतीने पिंजऱ्यात ठेवलेल्या कोंबड्यांचा कोंबड्याशी संबंधच येत नाही. ती अंडी निर्जीव असतात व कोणत्याही यंत्रात त्यांतून पिल्लू निघणार नाही. उबवणीसाठी फलित अंडी हवीत. आठ ते दहा माद्यांमागे एक तरुण, निरोगी नर असावा आणि नर सोडल्यानंतर साधारण एक आठवड्याने अंडी गोळा करण्यास आरंभ करावा.

जातीचा प्रश्न पंचायत सदस्यांनी विशेष लक्षात घ्यावा. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया, तसेच बंगळूरची गिरिराजा या परसातील पालनासाठी तयार केलेल्या संकरित कोंबड्या आहेत. त्यांची पिल्ले वेगवेगळ्या वंशांच्या आईबापांपासून मिळतात. गावात वाटप झालेल्या अशा कोंबड्यांची अंडी घरी उबवली तर पिल्ले निघतात, पण ती आईसारखी एकजिनसी निपजत नाहीत. कोणी लवकर वाढते, कोणी खुरटते, अंड्यांची संख्या घटते. हा यंत्राचा दोष नव्हे, संकराचा स्वभाव होय. अशा जातींची पिल्ले शासकीय केंद्रातून घ्यावीत. पुणे, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे व जिल्ह्यांतील सघन कुक्कुट विकास गट यांच्याकडे चौकशी करता येते. घरच्या यंत्रात उबवण्यास योग्य ती गावठी कोंबडीची किंवा झाबुआकडील कडकनाथसारख्या शुद्ध जातीची अंडी. नर मात्र दरवर्षी शेजारच्या गावातून बदलून घ्यावा. एकाच रक्तात जुगणी होत राहिली की उबवणीचे प्रमाण हळूहळू घसरते.

अंडी मध्यम आकाराची, घट्ट कवचाची व स्वच्छ असावीत. मळलेले अंडे धुऊन घेण्याचा मोह टाळावा. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात व त्यांवरील नैसर्गिक आवरण पाण्याने निघून जाऊन जंतूंना वाट मिळते. साठवण सात दिवसांहून अधिक नसावी. येथेच आपल्याकडे मोठी चूक होते. सुमारे २१ अंश सेल्सियसच्या वर तापमान गेले की गर्भाची वाढ मंदपणे सुरू होते. रात्री गारवा आला की थांबते. एप्रिलमध्ये कोनाड्यात आठवडाभर ठेवलेल्या अंड्यात असे चार-सहा वेळा घडले तर गर्भ यंत्रात जाण्यापूर्वीच मरतो. ओल्या वाळूत अर्धवट पुरलेला रुंद तोंडाचा माठ, वर सुती फडके आणि अंड्यांचे निमुळते टोक खाली, एवढी व्यवस्था पुरे. यंत्रात ठेवण्यापूर्वी अंडी काही तास बाहेर काढून खोलीच्या तापमानास आणावीत.

उष्णता आणि ऋतू

पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सियस, म्हणजे ९९.५ अंश फॅरनहाइट तापमान राखावे. पंखा नसलेल्या पेटीत वरची हवा अधिक तापते, म्हणून तापमापकाचे टोक अंड्यांच्या वरच्या पातळीला आणून तेथे सुमारे ३८.५ अंश ठेवावे. यंत्रावर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नये. कोमट पाण्यात तो तापमापक आणि घरातील ताप मोजण्याचा तापमापक एकत्र धरून फरक पाहावा व तो कागदावर लिहून झाकणाला चिकटवावा. एका अंशाची चूक माणसाला जाणवत नाही. अंड्याला तीन आठवडे ती सोसावी लागते.

लहान यंत्रात उष्णता देण्याची सोय असते, थंडावा देण्याची नसते, ही साधी गोष्ट खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही. मराठवाडा व विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी पारा ४२ अंशांवर जातो. तेव्हा यंत्रातील दिवा बंदच असतो आणि आतील अंडी तरीही शिजत असतात. प्रस्तुत लेखकाने आरंभीच्या काळात अशाच एका पत्र्याच्या खोलीत साठ अंडी ठेवली होती. एकही पिल्लू निघाले नाही आणि अंडी देणाऱ्या बाईंना तोंड दाखवणे अवघड झाले, कारण ती अंडी विकली असती तर तिच्या घरात आठवड्याचे तेलमीठ आले असते. गर्भ थोडा वेळ गारठा सोसतो. अतिउष्णता मात्र सोसत नाही. म्हणून राज्याच्या बहुतेक भागांत ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ घरगुती उबवणीस उत्तम. उन्हाळ्यात करायचीच असेल तर जाड मातीच्या भिंतींची, कौलारू, दुपारीही गार राहणारी खोली निवडावी.

वीज गेली म्हणजे धावाधाव होते व पहिले काम झाकण उघडून पाहण्याचे केले जाते. ते करू नये. झाकण बंद ठेवून यंत्रावर घोंगडी टाकावी. हवेची छिद्रे मोकळी ठेवावीत. दोन-तीन तासांच्या खंडाने खेप सहसा मरत नाही, पिल्ले थोडी उशिरा निघतात. शेवटच्या आठवड्यात गर्भ स्वतःच उष्णता निर्माण करतो; तेव्हा गारठ्यापेक्षा कोंडलेली हवा अधिक घातक असते.

ओलावा : वजनकाटा हाच खरा साक्षीदार

अंड्यातील पाणी छिद्रांवाटे हळूहळू उडून जावे लागते, म्हणजे रुंद टोकाकडील हवेची पोकळी वाढते व पिल्लाला पहिला श्वास घेण्यास जागा मिळते. फार कोरड्या हवेत पाणी जास्त उडते व पिल्लू आतील पडद्याला चिकटते. फार दमट हवेत ते उडतच नाही आणि पूर्ण वाढलेले पिल्लू शेवटच्या दिवशी आतच गुदमरते. पहिले अठरा दिवस ५५ ते ६० टक्के आर्द्रता असावी, असे पुस्तकात लिहिलेले असते. पण स्वस्त यंत्रावरील आर्द्रतेचा आकडा पुष्कळदा चुकीचा असतो.

याला सोपा उपाय आहे. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन सुमारे १२ टक्के घटले पाहिजे. दहा अंडी निवडून, पेन्सिलीने खूण करून, आरंभी स्वयंपाकघरातील काट्यावर तोलावीत. ती ५०० ग्रॅम भरली तर सातव्या दिवशी ४७७ च्या आसपास व अठराव्या दिवशी ४४० च्या आसपास यावीत. सातव्या दिवशी ४८५ भरली तर पाण्याचे भांडे लहान करावे. ४६५ भरली तर मोठे करावे. कोकणात जुलैमध्ये अठरा दिवस पाण्याचे भांडे न ठेवताही चालते, तर सोलापूरकडे जानेवारीत ते दररोज भरावे लागते. एकच माहितीपत्रक दोन्हीकडे वापरल्यास कोठेतरी पिल्ले मरणारच.

अंडी दिवसातून किमान तीन, शक्य तर पाच वेळा फिरवावीत. न फिरवल्यास हलका पिवळा बलक वर तरंगून गर्भ कवचाच्या पडद्याला चिकटतो. अंड्याच्या एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस गोल काढावा. फेऱ्यांची संख्या विषम ठेवली म्हणजे रात्रभर अंडे रोज एकाच कुशीवर राहत नाही.

सातव्या दिवशी रात्री पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून आत विजेरी लावावी व अंडे त्या भोकावर धरावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या दिसल्या तर गर्भ जिवंत आहे. स्वच्छ दिसले तर अंडे निर्जीव. नुसते तांबडे कडे दिसले तर गर्भ मेलेला. शिक्षकांनी वर्गाला हे एकदा अवश्य दाखवावे. जीवशास्त्राचे कोणतेही चित्र त्याची बरोबरी करणार नाही. अशी काढून टाकलेली अंडी खाण्यासाठी वापरू नयेत.

अठराव्या दिवसानंतर

अठराव्या दिवशी फिरवणे बंद करावे, अंडी आडवी ठेवावीत, ओलावा ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत वाढवावा आणि झाकण उघडू नये. विसाव्या दिवशी आतून चिवचिव ऐकू येते, मग कवचाला तडा जातो. तडा गेल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास लागू शकतात. या वेळात कवच सोलून मदत करण्याची इच्छा अनावर होते, विशेषतः मुलांना. मदत करू नये. पिल्लू त्या वेळी उरलेला बलक पोटात ओढून घेत असते व पडद्यातील रक्तवाहिन्या आटत असतात. घाईने सोलल्यास रक्तस्राव होतो. पोटातील हा बलक दोन दिवसांची शिदोरी असतो, म्हणून पिल्ले पूर्ण सुकेपर्यंत यंत्रात राहिली तरी उपाशी मरत नाहीत. नंतर त्यांना तूस पसरलेल्या, दिव्याने ३५ अंशांवर ठेवलेल्या जागेत हलवावे व दर आठवड्यास उष्णता सुमारे तीन अंशांनी कमी करीत जावी. राणीखेत रोगाच्या लसीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्याशी आधीच बोलून ठेवावे. पिल्ले निघाल्यावर धावपळ करण्यात पहिला आठवडा निघून जातो.

न उबलेली अंडी फोडावीत

बाविसाव्या दिवशी उरलेली अंडी उकिरड्यावर फेकण्याची प्रथा आहे. ती मोडली पाहिजे. प्रत्येक अंडे घराबाहेर फोडून पाहावे व नोंदवहीत लिहावे. बरीचशी निर्जीव निघाली तर नर बदलावा किंवा माद्या कमी कराव्यात. पहिल्या आठवड्यातच मेलेले गर्भ अधिक असतील तर दोष साठवणीचा किंवा आरंभीच्या उष्णतेचा. पूर्ण वाढलेली पिल्ले आत मेलेली असतील तर ओलावा, फिरवणे व हवा तपासावी. निमुळत्या टोकाकडे चोच आढळली तर अंडी उलटी ठेवली गेली होती. पिल्ले विसाव्या दिवसापूर्वीच निघाली व बेंबी ओली राहिली तर उष्णता जास्त. बाविसावा दिवस उलटला तर कमी.

हिशेबही दोन प्रकारे मांडावा. समजा, १०० अंडी ठेवली, त्यांत ८५ फलित निघाली आणि ७० पिल्ले मिळाली. एकूण प्रमाण ७० टक्के, फलित अंड्यांवर ते ८२ टक्के. पहिला आकडा खुराड्याबद्दल बोलतो व दुसरा यंत्राबद्दल. बचत गटाच्या बैठकीत केवळ पहिला आकडा वाचला गेला, तर नर बदलण्याऐवजी नवे यंत्र घेण्याचा ठराव होतो. फोडलेली अंडी चुना टाकून खड्ड्यात पुरावीत, यंत्र धुऊन दोन दिवस उन्हात वाळवावे आणि नोंदवहीच्या नव्या पानावर अंडी कोणत्या घरची, किती दिवसांची व कोणत्या तारखेस ठेवली हे लिहून दुसरी खेप लावावी.