नकला अनेक, घडी एकच
संगणकावरील हिशेब वाचवण्याचा एक नियम

आपल्या दुकानांतील कीर्द-खतावणी आता बरीचशी संगणकावर आली आहे. रात्री पेन ड्राइव्हवर नक्कल घेण्याची सवयही अनेकांना लागली आहे. सवय चांगली आहे. पण तेवढ्याने हिशेब वाचत नाही. ज्या नोंदी एकमेकींवर अवलंबून आहेत, त्यांच्या नकला एकाच घडीच्या असाव्या लागतात.

समजा, एका कापड दुकानात शर्टिंगचे ४० तागे आहेत. मालसाठ्याच्या फाईलची नक्कल दुपारी १ वाजता झाली. १ वाजून १० मिनिटांनी पिरंगुटच्या एका शिंप्याने १० तागे, प्रत्येकी ३,६०० रुपयांनी, उधारीवर नेले. १ वाजून २० मिनिटांनी उधारीच्या फाईलची नक्कल झाली. संध्याकाळी संगणक बिघडला आणि या नकलांवरून हिशेब उभा केला, तर काय दिसेल? साठ्यात ४० तागे आणि शिंप्याकडून येणे ३६,००० रुपये! गेलेला माल दुकानातही आहे आणि त्याचे पैसेही येणे आहेत. नकलांचा क्रम उलटा असता, तर साठ्यात ३० तागे आणि येणे काहीच नाही. मग उधारी मागायची कशाच्या आधारे? दोन्ही वेळा प्रत्येक फाईल आपल्या जागी बिनचूक आहे. बिघडला आहे तो मेळ.

मोठ्या यंत्रणांत काय करतात?

हाच प्रश्न बँका आणि मोठ्या कंपन्यांपुढे असतो. पुण्याचा या विषयाशी जुना संबंध आहे. माहिती साठवण्याचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हेरिटास कंपनीचे पुण्यात १९९० च्या दशकापासून केंद्र होते. बॅकअपचेच काम करणारी द्रुवा ही कंपनी २००८ साली पुण्यातच सुरू झाली. आपल्या मुळशी तालुक्यात हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्येही सॉफ्टवेअर कंपन्यांची मोठी वस्ती आहे.

मोठ्या यंत्रणेत एकाच हिशेबाची माहिती अनेक डिस्कवर विभागलेली असते. खात्यांच्या शिलका एका डिस्कवर, तर प्रत्येक व्यवहाराची क्रमवार नोंद, ज्याला लॉग म्हणतात, ती दुसऱ्या डिस्कवर. लॉग म्हणजे आपली कीर्द समजा. तिथला नियम असा की, बदल आधी लॉगमध्ये लिहायचा, मगच शिलकेत. नकलेत शिलक बदललेली आणि लॉग मात्र जुना असेल, तर ती नक्कल विश्वासाची राहत नाही.

म्हणून अशा संबंधित डिस्कचा एक गट बांधतात. त्याला ‘कन्सिस्टन्सी ग्रुप’ म्हणतात. नकलेचा हुकूम सुटला की गटातील सर्व डिस्कवरचे लिखाण क्षणभर रोखले जाते, सर्वांची त्या घडीची स्थिती टिपली जाते आणि लिखाण पुन्हा सुरू होते. या टिपण्याला ‘स्नॅपशॉट’ म्हणतात. त्या वेळी सगळी माहिती उतरवून घ्यावी लागत नाही, म्हणून काम फार थोड्या वेळात होते.

दूरच्या शहरात सतत नक्कल पाठवली जात असेल, तेव्हाही गट उपयोगी पडतो. एका डिस्कची नक्कल अडली, तर गटातील सर्वांची थांबवतात. थोडी जुनी पण जुळणारी नक्कल ही ताजी पण न जुळणाऱ्या नकलेपेक्षा बरी.

जिथे अनेक संगणक एकदम थांबवता येत नाहीत, तिथे न थांबता जुळणारे चित्र कसे टिपावे, याची रीत मणी चांडी आणि लेस्ली लँपोर्ट या संशोधकांनी १९८५ साली मांडली. चांडी हे मद्रासच्या आयआयटीचे विद्यार्थी.

दोन प्रकारच्या नकला

एक नक्कल अशी, की जणू त्या घडीला वीज गेली. डिस्कवर जे उतरले होते तेवढे मिळते. अर्धवट व्यवहार लॉग वाचून पुरा करावा लागतो किंवा रद्द करावा लागतो. दुसरी त्याहून पक्की: प्रोग्रॅमला आधी कळवले जाते, तो मेमरीत राहिलेले लिखाण डिस्कवर उतरवतो आणि मग नक्कल होते.

मात्र दिसेल ते सर्व एका गटात कोंबू नये. गट परत उभा करायचा म्हणजे त्यातील सर्वच मागच्या घडीला जाते. संबंध असेल तेच एकत्र ठेवावे.

आपण काय करावे?

१. बिले, मालसाठा, उधारी आणि रोकड हा आपला एक गट आहे. टॅलीसारख्या प्रोग्रॅममध्ये एका कंपनीची माहिती अनेक फायलींत असते. काम चालू असताना एकेक फाईल उचलू नये. सर्वांनी काम बंद केल्यावर प्रोग्रॅमच्या बॅकअपच्या सोयीने पूर्ण नक्कल घ्यावी.

२. बिलांचा प्रोग्रॅम वेगळा आणि हिशेबाचा वेगळा असेल, तर दुकान वाढवल्यावर दोन्हींच्या नकला एकाच बैठकीत घ्याव्यात व त्यांवर तारीख-वेळ लिहावी.

३. वहीवर काम करणाऱ्या कारागिरांनी मापांची वही, आलेल्या कापडाची नोंद आणि आगाऊ रकमेची वही, तिन्हींचे फोटो एकाच संध्याकाळी काढावेत.

४. एक नक्कल दुकानाबाहेर असावी. आग किंवा पाणी संगणक व पेन ड्राइव्ह असा भेद करत नाही.

५. महिन्यातून एकदा नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडावी. साठा, उधारी व रोकड बिलांशी जुळते का, ते पाहावे.

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. इतक्या वर्षांनी तपासणी आली, तर त्या दिवशीची आठवण कोणाला असणार? तेव्हा बोलेल ती नक्कल, आणि तिच्यातील साठा एक सांगत असेल व उधारी दुसरेच, तर खरा व्यापारीही खुलासे देत बसेल. आज रात्री दुकान वाढवताना आपल्या गटात काय काय येते, त्याची यादी आधी करावी.