जुन्या पत्रांची आवराआवर

गेल्या वर्षी माझी ई-टपालाची पेटी भरली आणि शिष्यवृत्तीचे पत्र आल्या वाटेने परत गेले. चूक माझीच. जीमेलमध्ये ‘अर्काइव्ह’ केले की जागा सुटते, असे मी समजत होतो. वस्तुतः ओटीवरचे सामान माळ्यावर टाकावे तसे ते आहे. घरातली जागा अडलेलीच राहते.

मित्रहो, उपाय सोपा आहे. ‘टेकआउट’ने जुनी पत्रे एमबॉक्स फाइलीत संगणकावर उतरवावीत व ती फाइल झिप करावी. मजकुरात तेच शब्द पुन्हापुन्हा येत असल्याने तो पुष्कळ आवळतो. जेपीजी छायाचित्रे आधीच आवळलेली असल्याने तितकी आवळत नाहीत. प्रत उघडून तपासावी, दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी, मगच पेटीतील पत्रे पुसावीत आणि कचरापेटीही रिकामी करावी. यंदा अर्ज भरण्यापूर्वी मी हे केले आहे.